झेंडूची माळ घातलेली हार्ड डिस्क

दसऱ्याला पूजेत मांडलेली हार्ड डिस्क मी परत घरी नेली नाही. ती कॉम्प्युटरला जोडलेलीच ठेवली आणि त्याच कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस स्वतःच्या हाताने बंद केला. एवढं सांगितलं की खरं तर सगळं सांगून झालं. पण राग अजून उतरलेला नाही, म्हणून पुढे लिहितो.

शहापूरच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंतच्या लग्नांचे फोटो मी काढतो. फोटो वेळेवर काढतो, अल्बम कधीतरी देतो.

उन्हाळ्यात किन्हवलीला एका लग्नाची ऑर्डर होती. नवरीचे वडील जन्मात कधी नाचले नव्हते म्हणे. हळदीला बँजो वाजायला लागला आणि काका असे सुटले की बघणारे बाजूला झाले. मी धावत मधे शिरलो, त्यांना थांबवलं, खांद्याला धरून सरळ उभं केलं आणि सवयीने ओरडलो, "काका, इकडं बघा!"

भातलावणीच्या दिवसांत काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि तो अख्खा उन्हाळा डोक्यातून पुसला गेला. मुलीचं लग्न झालं एवढं कळायचं, पण आपण नाचलो हे काही केल्या पटायचं नाही. काकू बाजाराला आल्या की माझ्या दारात उभ्या.

"फोटोवाले, अल्बम राहू द्या. हळदीचे तेवढे द्या. यांना दाखवायचेत. सारखे म्हनतात, मी कुठं नाचलो, उगा कायपन सांगते."

"काकू, पुढच्या आठवड्यात. छान डिझाइन करून सगळं एकदमच देतो."

पाच मिनिटांचं काम होतं. पण मला छान करायचं होतं! 'छान' हा शब्द ऐकला की हल्ली माझं टाळकं सरकतं.

माझा साडू वाशिंदला राहतो, विम्याचं काम करतो. गणपतीत तो स्टुडिओत येऊन बसला. "साडू, सायबर विमा काढून ठेव. चोर आता शटर तोडून येत नाय." मी म्हटलं, काढ. तर याने चौकशीच सुरू केली.

"पासवर्ड कोनाकोनाला माहितीय?"

"सगळ्यांना. स्टुडिओचं नाव आणि एक-दोन-तीन."

"मेलला, बँकेला?"

"तोच. वेगवेगळे लक्षात कोण ठेवणार, तू?"

"लॉगिन करताना मोबाइलवर कोड येतो?"

"यायचा. कटकट नको म्हणून बंद केला."

"आनि सॉफ्टवेअर? विकतचं ना?"

इथे मी भडकलो. "तू विमा काढायला आलायस का धाड घालायला?"

"अरे बाबा, कंपनी विचारनारच. तू उद्या खोटं सांगशील आनि नुकसान झालं की ते पैसे नाय देनार. बॅकअप तरी हाय का?"

तेवढा मात्र होता. काम झालं की फोटो डिस्कवर उतरवायचे, डिस्क काढायची आणि घरी बायकोच्या कपाटात साड्यांखाली ठेवायची. "हे एकच शहाण्यासारखं केलंस," साडू म्हणाला. "ती कधी जोडून ठेवू नको. बाकीचं नीट कर, मग विम्याचं बघू." बाकीचं मी काहीच केलं नाही. आणि जे नीट होतं ते दसऱ्याला बिघडवलं.

दसऱ्याला आम्ही धंद्याची सगळी हत्यारं पुजतो. कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड मांडले. म्हटलं, डिस्कनेच काय घोडं मारलंय? घरून आणली. पण पाटावर ती नुसती काळी डबी दिसत होती. कॉम्प्युटरला जोडली की तिचा निळा दिवा लुकलुकतो, म्हणून जोडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी फुलं उचलली, डिस्क तिथेच.

बायको म्हणाली, "डिस्क आणली नाय ती?"

"राहू दे गो. लक्ष्मीपूजनाला परत लागेल."

दिवाळीच्या तोंडावर अखेर काकूंच्या अल्बमला बसलो. इंटरनेटवर डिझाइनचा गठ्ठा फुकट मिळाला. सोबत सूचना होती, आधी अँटीव्हायरस बंद करा. केला! घरचा साडू समोर बसून सांगत होता ते ऐकलं नाही, आणि कुठल्या देशातल्या चोराचं पहिल्या झटक्यात ऐकलं. चहा घेऊन आलो तर एकही फोटो उघडेना. पडद्यावर इंग्रजीत पत्र: प्रिय ग्राहक, घाबरू नका, पैसे भरा, फोटो परत मिळतील. डिस्क उघडली, तिथेही तेच पत्र. मेमरी कार्डं तर मी पुढच्या लग्नांसाठी कधीच पुसली होती.

'घाबरू नका' म्हणे! हरामखोरांनो, त्या फोटोत काय होतं हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का? माउस उचलून भिंतीवर मारला. नुकसानीत माउसची भर पडली. मग साडूला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता विमा काढ."

"आग लागल्यावर? आधी नेटची वायर काढ. पैसे भरू नको, पोलिसांत तक्रार दे. डिस्क घरीच हाय ना?"

समोर डिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता.

"साडू, डिस्क घरीच हाय ना?"

मी फोन कापला. याच्यावर चिडायला एकही कारण सापडत नव्हतं, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

किन्हवलीला गेलो, काकूंना सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे हळदीचे पन?" आणि आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यापेक्षा तो डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं.

मग नवी डिस्क घेतली आणि लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या दारोदार फिरलो, कोणाच्या फोनात हळदीचं काही सापडतंय का बघत. लोक बिनधास्त फोन हातात द्यायचे. मी त्यांच्यावरच खेकसायचो, "लॉक का नाही फोनला? कोणाच्याही हातात देता?" "कोनाच्याही कुठं? तुमी फोटोवाले ना," म्हणायचे. रोज संध्याकाळी बायको माझ्याकडून डिस्क घ्यायची आणि स्वतः साड्यांखाली ठेवायची. माझ्यावर तिचा आता काडीचा भरवसा नाही.

शेवटी उंबरमाळीला नवरीच्या मावसबहिणीच्या फोनात एक व्हिडिओ सापडला. तिरका, अंधुक, मधे कोणाचं तरी कोपर. पण काका होते. टोपी पडलेली, दोन्ही हात वर, तोंडभर हसू. कोपऱ्यातून कॅमेरा घेऊन धावत येणारा मी. मी पोचायच्या आत व्हिडिओ संपतो.

काकांच्या खाटेशी बसून दाखवला. त्यांनी डाव्या हाताने फोन डोळ्यांजवळ ओढला.

"मीच हाय का गो?"

"मंग कोन? परत लावा हो, फोटोवाले."

परत लावला. काका हसायला लागले, तोंड एका बाजूनेच हसलं. मी काकूंना म्हणालो, "माझे असते तर जरा स्वच्छ दिसलं असतं."

काकू फोनवरून नजर न काढता म्हणाल्या, "गेले ते बरं झालं. तुमच्या फोटोत हे नुसते उभे असते."