दोन रानांमधली पट्टी

ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं की बाबाकुतू हाका घालायचे. कसल्या हाका, अहो, एखाद्या बाईनं रडताना सूर धरावा तशा! विधवा वाविसुवा चटई विणता विणता ऐकत बसायची.

बाबाकुतू म्हणजे आमच्या मादागास्करातलं सगळ्यात मोठं लेमूर, माकडासारखं झाडावरचं जनावर. काळंपांढरं अंग, शेपटीच्या जागी नुसतं बोंड. पूर्वजांचा सोयरा तो. मारणं सोडाच, त्याच्याकडे बोटही करायचं नाही. वाविसुवाच्या घरामागं एक जोडी होती, मादीच्या पाठीवर पिल्लू. कोवळा पाला आधी मादी खाणार, नर मुकाट्यानं खाली थांबणार. दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होतं त्यांना, म्हणून वाविसुवाचा जीव त्याच्यात अडकलेला.

घरामागचं रान आणि पलीकडचं रान यांना जोडणारी झाडांची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती. तिच्या कडेची झाडी वाविसुवाच्या भावानं, तोंबोनं, भातासाठी तोडून, जाळायला म्हणून वाळत घातली होती.

"तोंबो, आग पट्टीत शिरली तर?"

"अक्के, मी काय आंधळा आहे? पूर्वजांच्या नावानं दारू शिंपडीन, जनावरांना हाक देईन, मगच पेटवीन. जातील की तुझे लाडके उठून!"

"ते चालत नाहीत रे, मेल्या! खोडावरून खोडावर उड्या मारतात."

"जिवावर बेतलं की सगळे चालतात. आणि भात कोण देणार, तुझा बाबाकुतू?"

वाविसुवाच्याही कणगीचा तळ दिसत होता.

तोंबोनं रीत पाळली. "निघा रे, पोरंबाळं घेऊन निघा!" उंदीर निघाले, साप निघाले. आरडाओरडा ऐकून बाबाकुतू मात्र पट्टीतल्या शेंड्यांवर चढून गप्प बसले. तोंबोला वाटलं, गेले. त्यानं पेटवलं आणि वारा फिरला. वाविसुवा ओल्या फांद्यांनी आग झोडपत राहिली, भुवया जळल्या तिच्या. आग कुणाचं ऐकते! नर उड्या मारत पलीकडे गेला, मादी पिल्लासकट अलीकडे आली, आणि पट्टीची राख झाली.

आता रोज सकाळी इकडून हाक जाते, तिकडून येते. मधे दोनशे पावलं उघडी जमीन. उचलून न्यावं, तर हात लावायची मनाई. आणि माणसाच्या हातात ते जगतही नाहीत.

पेरणीला बायका लागतात. काठीनं भोक पाडायचं, दाणे टाकायचे, टाचेनं माती लोटायची. वाविसुवाही उतरली. अलीकडून मादी ओरडत होती, पलीकडून नर ओरडत होता, आणि ही त्या दोघांमधल्या राखेत, डोळे पुसत, भात पेरत होती.