नवरदेवाची गाडी आणि माझा मॅनिफोल्ड

माझ्या साडूने आजवर माझं काहीही वाईट केलेलं नाही, आणि त्याच्याबद्दल माझी हीच मुख्य तक्रार आहे. वाईट वागला असता तर उघड भांडता तरी आलं असतं. पण विलासराव पडला गोड माणूस. परळीला त्याचा राखेच्या विटांचा धंदा. धंदा असा जोरात की दिवाळीला आमच्या सासुरवाडीच्या, म्हणजे उमापूरच्या, दारात त्याची नवी गाडी येऊन थांबते. सगळी मंडळी तिला ओवाळतात आणि मी कोपऱ्यात बसून चकली मोडतो.

माझी गाडीही काही साधी नाही. पुण्याच्या एका हौशी पोराकडून मी ती जुनी घेतली. दोन दारांची, लालभडक, शर्यतीच्या घाटाची आणि जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. बीडमध्ये ती पळवायला रस्ता नाही, पण हा दोष रस्त्याचा. सासऱ्यांना मात्र ती कधीच पटली नाही. "जावईबापू, हिच्यात बसायचं म्हंजी आदी मानसाला आडवं करावं लागतंय," ते म्हणायचे. विलासरावाच्या पांढऱ्या गाडीत मात्र धोतर सावरत ऐटीत चढायचे. ते बघून माझ्या पोटात जळजळ व्हायची. (पित्ताची गोळी घेऊन पाहिली. ते पित्त नव्हतं.)

अशात आमच्या मेव्हण्याचं, संतोषचं, लग्न ठरलं आणि प्रश्न निघाला, नवरदेवाची गाडी कुणाची? सजवलेल्या गाडीत नवरदेव, पुढे बँड आणि स्टिअरिंगवर कोणता जावई, हे अख्ख्या पंचक्रोशीला दिसणार होतं.

"विलासरावांची घिऊ," सासरे म्हणाले. "वरून छत उघडतंय. पोरगं उभं ऱ्हाऊन हात हलवंल."

छत! माझ्या गाडीचं छत उघडायचं तर पत्रा कापावा लागला असता. (तोही विचार मी करून पाहिला.)

मग मोबाईलवर शोधता शोधता मला मॅनिफोल्ड सापडला. इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाला हवा पाजणारा, नळ्या फुटलेला डबा. गाडीसोबत येतो तो अगदीच गरीब असतो. मी मागवला तो चकचकीत, रुंद नळ्यांचा. तो बसवला की इंजिन पोटभर श्वास घेतं आणि डरकाळी फोडतं. त्या डरकाळीचा व्हिडिओ मी गुपचूप संतोषला पाठवला. संतोषने वडिलांना सांगून टाकलं, "मी दाजींच्याच गाडीत बसणार. न्हाईतर बँडसंगं चालत जातो."

मी जिंकलो! विलासराव नुसता हसला. म्हणाला, "लई भारी, साडूसाहेब. माझी गाडी मागं असंलच, लागलं तर."

त्या 'लागलं तर'ने माझं डोकंच फिरलं.

मॅनिफोल्ड घरी आला तेव्हा मला धास्ती एकच, विलासरावाची दृष्ट. म्हणून खोकं फोडून तो थेट देवघरापुढे पाटावर ठेवला.

"आवो, पूजा गाडीची करत्यात, सुट्या सामानाची न्हाई," बायको सुरेखा म्हणाली.

"ह्या सामानाला वैरी हायेत," मी म्हणालो.

हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या. गणपती म्हणून सुपारी मांडायची, तर मॅनिफोल्डला एक ऐसपैस गोल तोंड होतं, जणू बाप्पासाठीच केलेलं. त्यावर विड्याचं पान अंथरून मी सुपारी ठेवली आणि डोळे मिटून मागितलं, "बाप्पा, नवरदेव माझ्याच गाडीतून मांडवाच्या दारात उतरू दे."

आवरताना सुरेखाच्या हातात नुसतं पान आलं. "सुपारी कुठंय?"

"आसंल पाटाखाली. बाप्पा कुठं जातोय?"

बीडमधला माझा मेकॅनिक रफिकभाई माझ्याहून हौशी. नवा मॅनिफोल्ड बसवण्याआधी त्याने विचारलं, "आतून साफ हाय का? हवा मारून घेऊ का जरा?"

"अरे, पूजा झालीय त्याची. अजून किती साफ करतो?"

"पूजेच्या चीजेला मी कावून छेडू बाबा," असं म्हणत त्याने आदराने नट आवळले. गाडी सुरू झाली आणि शेजारच्या टपरीवर एकाचा चहा सांडला. मला विलासरावाचा चेहरा आठवून गुदगुल्या झाल्या.

लग्नाच्या दिवशी उमापुरात मारुतीपुढे गाडी लावली. सासऱ्यांच्या घरचा दंडक असा, की नवरदेव मारुतीच्या पाया पडून गाडीत बसला की त्याचा पाय थेट मांडवाच्या दारात टेकायचा. मधे उतरणं म्हणजे अपशकुन. संतोष पाया पडला. फेटा सांभाळत त्याला आडवा करून आत घातला. बँड निघाला, मांडव होता गावाबाहेरच्या मैदानात. आरशात विलासरावाची पांढरी गाडी दिसली आणि मला राहवेना. क्लच दाबून मी ॲक्सिलरेटर खच्चून दाबला. नेमकं तेव्हाच पुढचं चाक गतिरोधकावरून धपकन उतरलं.

मी पाय काढला. आवाज कमी होईना. बँड वाजत होता म्हणे, ऐकू कुणालाच येत नव्हता.

"दाजी, बास की आता," संतोष ओरडला.

"मी कायबी करीत न्हाई."

"मग कोन करतंय?"

(गणपती करत होता. हे आम्हाला मागाहून कळलं.)

क्लच सोडावा तर गाडी बँडवर जाणार, धरून ठेवावा तर पाय लटलट कापायला लागलेला. किल्ली फिरवून बंद करावी, हे सुचलं नाही असं नाही. पण आरशात विलासराव होता. बंद पडलेली गाडी त्याला दाखवण्यापेक्षा पाय तुटलेला बरा! तेवढ्यात क्लच जरासा सुटला, गाडीने उसळी घेतली आणि ढोलवाला ढोलासकट एका ओट्यावर चढला. संतोषच्या मित्रांना वाटलं ही स्टाईल आहे. ते बेभान नाचायला लागले. मग करपलेल्या तांदळाचा वास सुटला.

सासरे खिडकीशी वाकले. "आचाऱ्यानं भात करपिवला वाटतंय," असं म्हणून त्यांनी मांडवाकडे माणूस पिटाळला. बॉनेटखालून वाफ निघाली. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि गाडी बंद पडली.

संतोषने दार उघडून एक पाय बाहेर काढला.

"पाय आत घे," सासरे खेकसले. "मारुतीच्या पाया पडलायस तू."

आता नवरदेवाला उतरवता येईना आणि गाडी हलेना. विलासराव शांतपणे आला. हातात दोर होता. "लागला तर म्हनून ठिवला होता, साडूसाहेब."

अशी वरात निघाली. पुढे बँड, मग विलासरावाची गाडी. तिच्या उघड्या छतातून आमचे सासरे उभे राहून दोन्ही हात हलवत होते. मागे दोराला बांधलेली माझी लाल गाडी, तिच्यात नवरदेव आणि स्टिअरिंग धरून मी. फोटोग्राफरने दोर अगदी स्पष्ट येईल असा फोटो काढला. अल्बममध्ये तो पहिल्याच पानावर आहे.

रफिकभाईने नंतर मॅनिफोल्ड उघडला. हवेच्या झडपेत सुपारी घट्ट रुतून बसलेली, नळ्यांत काळ्या पडलेल्या अक्षता. फडक्यात गुंडाळून त्याने ती सुपारी माझ्या हातावर ठेवली. "भाई, तुमचे बाप्पा."

सुरेखाने ती धुऊन पुन्हा देवघरात मांडली. "मागितलं तरी काय होतं तुमी?"

मी सांगितलं.

"मग दिलं की त्यानं," ती म्हणाली.

दिलंच म्हणायचं. नवरदेव माझ्याच गाडीतून मांडवाच्या दारात उतरला. इंजिन चालू असावं आणि पुढे साडू नसावा, एवढंच मागायचं राहिलं.