एसटीतला रुमाल आणि शाळेतले कॉम्प्युटर

मंडळी, घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी हे वाचा.

हातखंब्याजवळच्या आमच्या शाळेतले कॉम्प्युटर मेमरी भरली की गोठायचे. "सर, आता काढून टाका हां ते," असं मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं होतं.

उपाय होता स्वॅप फाइलचा, म्हणजे मेमरीत न मावणारं सामान ठेवायला डिस्कवर धरलेली जागा. पण नुसती राखून ठेवलेली जागा कॉम्प्युटर चालवणारं आमचं जुनं लिनक्स मानायचंच नाही. "फाइलला भोकं आहेत" म्हणायचं, म्हणजे आत काही लिहिलेलंच नाही! शून्यं लिहून ती भरायला घ्यावी, तर मध्येच लाइट जायची. वैताग नुसता!

आज लिनक्सची नवी आवृत्ती टाकली, पुन्हा जागा राखली आणि त्याने ती मुकाट मानली. कॉम्प्युटर हळू चालतात, पण गोठत नाहीत.

"झालं काय नेमकं?" बाईंनी विचारलं.

"बाई, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. जुनं लिनक्स म्हणायचं, आधी माणूस बसवा. नवं रुमालही मानतं."

बाई हसल्या आणि त्यांनी स्वतःच भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नको रे. त्या कॉम्प्युटरवर आमच्या पोरांनी रुमाल टाकलाय."