मामांची दोन नाकं

चहाची वाफाळती किटली मी नेमकी मामांच्या यंत्राच्या नाकाखाली ठेवली. प्रेमाने ठेवली, पण ते कुणी लक्षातच घेतलं नाही. पडद्यावर सकाळपासून गळ्यात गळा घालून चाललेल्या दोन रेघांपैकी एक ताडकन उठली आणि छताकडे निघाली.

माझे मामा संस्थेत यंत्रं बनवणारे कारागीर. उभा जन्म एकच काम केलं. ध्रुवाकडच्या बर्फाच्या पठारावर खांब रोवायचा आणि त्याला दोन नाकं बसवायची, एक बर्फालगत, एक डोक्याच्याही वर. कुठल्या नाकाला वाफ जास्त लागते यावरून कळायचं, बर्फ हवेला वाफ देतोय की तिच्याकडून परत घेतोय.

"म्हणजे बर्फ वितळतो?" लहानपणी मी विचारायचो.

"वितळतो कुठला! पाणी न होताच उडून जातो. ऊन उतरलं की थोडा परत येऊन बसतो. किती गेला, किती आला, एवढंच मोजायचं."

"तुमच्यासारखाच मेला," आतून मामी म्हणायची. "जातो फार, येतो थोडा!"

येत तेव्हा मात्र मामा घर भरून टाकत. फक्त एक खोड अंगात मुरली होती. नाकांपाशी श्वास सोडला की मोजणी गेली, म्हणून तिकडे बोलायचं ते तोंड फिरवून. घरीही तेच. "कशी आहेस?" हे मामीला विचारायचं, पण कपाटाकडे बघून.

"कपाट बरं आहे हो," मामी म्हणायची.

आता मामी नव्हती आणि मामांचे गुडघे बोलायला लागले होते. बर्फावर जाणं संपलं होतं. जाणार होतं ते त्यांनी हाताने बांधलेलं यंत्र, तेही पास झालं तर. दोन्ही नाकांना शेजारी बसवून खोलीतली एकच हवा हुंगवायची. गाडी येईपर्यंत रेघा एकमेकींना चिकटून राहिल्या तर यंत्र जहाजावर, नाहीतर भंगारात, आणि त्याच्या जागी विकतचं नवं कोरं.

आणि मी किटली ठेवली. विभागाच्या प्रमुखबाई आत आल्या त्याही तेव्हाच.

"मामा, रेघा फुटल्या की!" संस्थेलाही ते मामाच.

"यंत्र धड आहे बाई. भाचा बिघडलाय."

बाईंनी किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुन्हा लावा. पण गाडी थांबायची नाही हं."

माझी रवानगी बाहेर झाली. दाराच्या काचेतून मी बघत होतो. मामा भिंतीकडे तोंड करून बसलेले, शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि मान वळवून चोरून पडद्याकडे बघणारे. उठलेली रेघ रुसलेल्या जावेसारखी हळूहळू खाली आली. घुटमळली. मग थोरलीच्या शेजारी येऊन बसली ती उठलीच नाही.

खाली गाडीचा भोंगा वाजला तेव्हा दोन रेघांची एक झाली होती. बाईंनी सही केली.

मामांनी नाकांना फडकी गुंडाळली, पेटीचे स्क्रू आवळले, ती गाडीत चढवली. मग झाकणावर हात ठेवून उभे राहिले. काढीचनात. मी जवळ गेलो, पेटीवर वाकून हळूच विचारलं, "मामा, तुम्हालाही जावंसं वाटतंय ना?"

"तोंड तिकडे करून बोल."