वाफ्यातली पालथी तोंडं

गवताची मला किळस आहे, हे आधीच सांगून टाकते. हिरवं दिसलं की मन प्रसन्न होतं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या परसात लव्हाळा उपसायला यावं. पात ओढली की पात हातात, गाठ जमिनीत, आणि आठवडा उलटायच्या आत त्याच जागी चार नवे कोंब. गाजरगवताचं तर नावच नको. हात लागला की कोपरापर्यंत लाल चट्टे, मग बसा दिवसभर खाजवत. त्यात माझे गुडघे कामातून गेलेले. श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी खाली बसून एकही काम करायचं नाही म्हणून बजावलेलं. आणि परसात वांगी, मिरच्या, दोडके यांचे मिळून बारा वाफे. खुरपायचं कुणी?

म्हणून मी वाफे झाकायला लागले. पहिल्या वर्षी उसाचं पाचट अंथरलं. गवत दबलं, ओल टिकली, सगळं खरं. पण पाचटात उंदीर झाले आणि उंदरांच्या मागे धामण आली. मिरची तोडायला हात घातला तर खाली गार काहीतरी सरकलं. त्या दिवसापासून पाचट बंद. मग दुकानातून काळा मल्चिंग पेपर आणला, स्वस्तातला. एका उन्हाळ्यात त्याच्या चिंध्या झाल्या. त्या अजून निघतात. परवा मेथी निवडताना एक निघाली, भाजीला चिकटलेली, ओली. शी! ती जुडी मी तशीच उकिरड्यावर टाकली.

फ्लेक्सची कल्पना आमच्या घरच्यांची, म्हणजे नवऱ्याची. आमच्या चौकात बारा महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. काळा चष्मा, जोडलेले हात, गालाला कसलीतरी गुलाबी चमक, आणि खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची रांग. ज्याला शेजारी उभं करत नाहीत तोही फ्लेक्सवर 'आधारस्तंभ'. एसटीच्या थांब्यावर सावली नाही, पण फ्लेक्सला खांब आहे. नवा चढला की जुना काढून खांबाच्या बुडाशी टाकतात. तिथं त्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या मारतात, कुत्री पाय वर करतात. आमच्या घरच्यांनी असा गठ्ठाच्या गठ्ठा मोटरसायकलला बांधून आणला.

"फुकाट हाय, जाड हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं हालत न्हाई बघ."

पहिला फ्लेक्स मी चित्र वर करून अंथरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत परसात गेले, तर जमिनीवरून सात जण माझ्याकडे बघून हसत होते. माझ्याच वाफ्यात! मी चूळ तिथंच मधल्याच्या चष्म्यावर टाकली आणि तेव्हाच ठरवलं, इथून पुढं सगळे पालथे. गुंडाळी सोडायची, तोंड मातीत, पांढरी बाजू वर, कडेला दगड.

"आगं, कुनाचा हाय ते तरी बघ," घरचे म्हणाले.

"कुणाचा का असंना," मी म्हटलं. "सगळी एकाच माळेची. मला न्हाई बघवत ती तोंडं."

आणि खरंच एकही उलगडून बघितला नाही.

भोकं पाडायला माझी धाकटी जाऊ आली. आमच्या आणि तिच्या घरात फक्त परसाची भिंत. दीर जाऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते. काष्टीहून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली आणि तो जागेवरच गेला. तेव्हापासून घरात बसवत नाही म्हणून ही कुणाच्याही कामाला धावायची. "आक्का, तुमी निस्त्या हुब्या ऱ्हावा," म्हणाली. पत्र्याच्या डब्यात निखारे भरायचे, बूड तापलं की डबा सांडशीनं धरून फ्लेक्सवर टेकवायचा. चर्र होतं, वाटीएवढं गोल भोक पडतं आणि असा घाणेरडा जळका वास सुटतो की दोन दिवस जेवण जात नाही. मी नाकाला पदर लावून लांब उभी. ती एकटी हातभर अंतर मोजत बाराही वाफ्यांवर डबा टेकवत गेली. मग काष्टीच्या बाजारातली रोपं आम्ही त्या भोकांत लावली.

वांगी झकास आली, नाही म्हणत नाही.

दिराच्या वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले होते. जाऊ दुपारी आली आणि ओट्यावर टेकली.

"आक्का, चौकातला ह्यांचा फ्लेक्स दादांनी आनलाय का वो? पोरं म्हनत्यात, तुमच्याच घरी गेला."

श्रद्धांजलीचा फ्लेक्स. दहाव्याला मंडळाच्या पोरांनी लावला होता. तो ती का मागत होती, ते मला सांगावं लागलं नाही. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्लेला. दिराचा मोबाईल त्या ट्रॉलीखाली चुरा झालेला. भिंतीवर हार घातलाय तो आधार कार्डावरचा फोटो, त्यात तो चोरीच्या संशयावरून धरून आणल्यासारखा दिसतो. त्याचा एकच चांगला फोटो होता, नेवाशाला एका लग्नात मित्रानं काढलेला, मान जरा तिरकी करून हसताना. तोच फ्लेक्सवर घेतला होता. मित्रानं मोबाईल बदलला. गावाच्या ग्रुपवर तो फोटो उघडायला गेलं की नुसता धूसर चौकोन दिसतो, त्यावर गोल फिरत बसतं. छपाईवाल्यानं कॉम्प्युटर साफ केला म्हणे.

"फ्लेक्सवरनं बी फोटो निघतो," ती म्हणाली. "नगरचा फोटोवाला म्हनला, आना निस्ता. चांगला मोठा करून देतो."

'नाही गं बाई' अगदी ओठावर आलं होतं. पण मी परसाकडे बघितलं, आणि मी बघितलं म्हणून तिनंही बघितलं. बारा वाफे. बारा पांढऱ्या पाठी. आणि त्यातल्या प्रत्येकीवर हिच्या हातची भोकं.

उठली, पदर खोचला.

मला माझीच शिसारी आली. एकदा उलगडून बघायला किती वेळ लागला असता? तोंडं बघवत नाहीत म्हणे! मोठी आली न बघवणारी! मी मनातल्या मनात सारखी घोकत होते, भोकं पुढाऱ्यांच्या तोंडातून गेलेली असू देत. देवा, नाहीतर अक्षरांतून. त्याचं तेवढं सोड.

पहिल्या वाफ्याला फळावर आलेली पाच झाडं उपटावी लागली. फ्लेक्स उचलला आणि खालून जो भपकारा आला! फ्लेक्सच्या खाली एवढं काही राहत असेल याची मला कल्पना नव्हती. गोगलगायी थरावर थर, चिकट. बोटाएवढे वाणी किडे गुंडाळ्या करून पडलेले. आणि जो लव्हाळा मेला म्हणून मी खूश होते, तो मेलाच नव्हता. पांढऱ्याफटक दोऱ्यांसारखा फ्लेक्सला चिकटून वाट शोधत आडवा पसरला होता. त्या सगळ्यात एक माणूस हात जोडून हसत होता. त्याच्या दातांवर गोगलगाय. त्याच्या तोंडाला एकही भोक नव्हतं.

दुसरा, तिसरा, तसेच. कुणी युवा नेता, कुणी भावी सरपंच, सगळी चिखलानं माखलेली आणि सगळी धडधाकट. मी चप्पल काढून एकाच्या तोंडावरचा वाणी मारला आणि मग चप्पल दोनदा उगाच मारली. जाऊ खाली मान घालून झाडं उपटत होती. "सगळी उपट," मी म्हटलं, "आग लागो त्या वांग्यांना." तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

चौथा तिनं पलटला आणि तशीच उकिडवी बसून राहिली.

वरच्या रांगेत पुढाऱ्यांची पाच तोंडं. गेलेल्याच्या फ्लेक्सवर ह्यांची काय गरज, कुणास ठाऊक. त्यांच्या खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली निळा कोट, लाल टाय. आणि टायच्या वर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, अगदी मापात, गोल भोक. कडा काळ्या, वळलेल्या. भोकातून माझी काळी माती दिसत होती. पाचही पुढारी ठणठणीत.

"ह्यो कोट त्यांचा न्हाई," जाऊ म्हणाली. "त्यांनी कोट घातलाच न्हाई कवा. छापनाऱ्यानं चिकटीवला. निस्तं तोंड त्यांचं हुतं."

मी बादलीतलं पाणी ओतलं, पदरानं चिखल पुसला, वास येतोय की काय याचं भान राहिलं नाही. पुसून काय होणार होतं? जे नव्हतं ते नव्हतं.

"ह्या वाफ्याला मी टेकवला हुता डबा," मी म्हटलं. "तू तिकडं पाणी आणाया गेल्तीस, तवा."

तिनं माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती.

"आक्का," ती म्हणाली, "तुमी त्या दिशी डब्याला हात तरी लावला का?"

ती वाकून भोकाची कड बोटानं चाचपत होती, एका बाजूनं, सावकाश. डाव्या कडेला बोट थांबलं. तिथं तिरक्या मानेमुळं थोडं वाचलं होतं. कानावरचे केस आणि आख्खा कान. पाळी मधोमध फाटलेली. लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं, तेव्हाची. कोट चिकटवणाऱ्याला ती पाळी नीट करायचं सुचलं नव्हतं.

"ह्यो कान त्यांचा हाय," ती म्हणाली. "इळा द्या."

मी विळा दिला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर तिच्यासमोर त्या घाणीत बसले. दोन्ही हातांनी फ्लेक्स धरला.

"नीट तानून धरा," ती म्हणाली. "आता ह्यो तरी जाया नगं."