इकबालच्या गल्लीतलं कुलूप

सांगलीच्या गाडीत बसवताना अब्बांनी माझ्या मांडीवर चार कानशी, एक पक्कड आणि कोऱ्या चाव्यांची जुडी ठेवली. मग खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "तुझ्या हातात गुण हाय रं रफीक. तू कुठंबी पोट भरशील. ह्या इकबालचं हितंच बघाय पायजे." इकबाल म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो शेजारी उभा राहून खारे शेंगदाणे खात होता. त्यानं मलाही खिडकीतून मूठभर दिले. गाडी हलली तशी दोघं पाठ फिरवून वाईच्या बाजाराकडं चालू लागले, कारण दुकान उघडायची वेळ झाली होती. ते शेंगदाणे मी साताऱ्यापर्यंत रागारागानं चावत होतो.

गाव सोडून गेलेल्यांच्या आठवणी मी वाचतो. त्यांत सगळ्यांना आईच्या हातची भाकरी आठवते, नदी आठवते, डोळ्यांत पाणी येतं. खोटं कशाला बोलू, मला पाणी वगैरे काही आलं नाही. माझ्या पोटात दुखत होतं. काम मला येत होतं आणि दुकान त्याला मिळालं. इकबालनं बनवलेली चावी तीनदा घासल्याशिवाय कुलपात फिरायची नाही. मी कुलपाला कान लावून आत कुठली पट्टी अडकलीय ते सांगायचो. ढ पोराला घराशेजारच्या शाळेत ठेवावं आणि हुशार पोराला बोर्डिंगात धाडावं, तसा अब्बांचा हिशोब. आपण हुशार निघालो याचा मला इतका पश्चात्ताप कधीच झाला नव्हता.

सांगलीनं मला उपाशी ठेवलं नाही, हे आधी सांगून टाकतो. कृष्णेला पूर येऊन गेला की बाजारपेठेतली निम्मी शटरं गाळानं धरतात. साइड लॉकमध्ये चिखल वाळून दगड होतो, स्प्रिंगा गंजतात, आणि दुकानदार स्वतःच्याच दुकानाबाहेर परक्यासारखा उभा असतो. अशा दिवसांत मी शहरभर फिरलो. कुलपं सोडवली, रॉकेलनं धुतली, ग्रीस भरून परत बसवली. पुढं काचेचे दरवाजे आले. मोबाईलची शोरूम, केकची दुकानं, दवाखाने. मग मी दार आपोआप मिटवणारी फ्लोअर स्प्रिंग बसवायला शिकलो, बोटाच्या ठशानं उघडणारी कुलपं शिकलो. विश्रामबागेत माझा गाळा आहे, बायको हिशेब बघते, मुलगी कॉलेजला जाते. लोक लोकेशन पाठवतात, मी स्कूटरवरून जातो, काम करून परत येतो. पार्टी चांगली, पैसे फोनवर. पण कितीतरी गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये माझं नाव अजून 'चावीवाला' आहे. त्याच्या वर 'गॅसवाला' आणि खाली 'जारवाला'.

वाईत इकबालला सगळे इकबाल म्हणतात. म्हाताऱ्या बायका त्याला "आरं इकबाल, जरा पिशवी धर" म्हणून थांबवतात. पूजेच्या सामानाचा दुकानदार बाहेरगावी जाताना दुकानाची चावी त्याच्याकडं टाकून जातो. मी दर ईदला जातो तेव्हा हे बघतो आणि जळतो. त्याचं काम मी आडून तपासतो. शटर वर जाताना एका बाजूला ओढतं, कडी तिरकी बसलीय, स्क्रू एक कमी. तरी कुणी तक्रार करत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण ह्याचं अर्धकच्चंसुद्धा तिथंच खपतं.

आता बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगतो.

त्याआधी आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. किल्ली नसलेलं दुकान कुणी उघडून मागितलं, तर डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन दुकानदार आधी बोलावून समोर उभे करायचे. मालक कितीही ओळखीचा असो, कितीही घाईत असो. शेजारी "व्हय, उघड" म्हणाले की मगच कुलपाला हात लावायचा. अब्बांनी त्यांच्या सख्ख्या मेहुण्याला अशा शेजाऱ्यांसाठी दोन तास उन्हात बसवलं होतं. ही रीत मला लहानपणापासून पाठ आहे. सांगलीत मी गिऱ्हाइकाचं आधारकार्ड बघतो आणि वॉचमनला विचारतो, कारण शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला ह्या गाळ्याचा मालक कोण हेच ठाऊक नसतं.

तर त्या दिवशी दुपारी एकनंतर गल्ली जेवायला आणि पडायला गेली होती. इकबालही घरी गेला होता. दुकानात मी एकटाच, त्याच्या कानशी नीट लावत बसलेलो. तेवढ्यात सुरेश आला. हा माझा शाळेतला दोस्त. समोरचं भांड्यांचं दुकान त्याचं आणि त्याचे थोरले भाऊ दत्तूअण्णा यांचं.

"रफीक, बरं झालं घावलास," तो म्हणाला. "शटरची किल्ली हरवलीया. अण्णा साताऱ्याला गेल्यात. इकबालला सकाळीच सांगितलं, तर म्हणतोय उद्या बघू. त्येला जमंना वाटतं गड्या."

त्येला जमंना वाटतं. एवढे तीन शब्द ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. उठलो, पक्कड घेतली, समोर गेलो. डावीकडचा शिंपी आणि उजवीकडचा किराणावाला, दोघांची दुकानं बंद. मला ते दिसलं. रीतही आठवली. आणि तरी मी खाली बसलो, कारण शेजाऱ्यांना बोलवायला गेलो असतो तर इकबालही उठून आला असता. पाच मिनिटांत दोन्ही बाजूंची कुलपं सुटली. सुरेश म्हणाला, "ह्येला म्हणायचं हात!" मी छाती काढून परत येऊन बसलो. त्यानं मागच्या बोळातून टेम्पो आणला आणि तांब्या-पितळेची मोठी भांडी भरून नेली, तेव्हा मला वाटलं कुणाच्या लग्नाची ऑर्डर असेल.

किल्ली हरवलीच नव्हती. भावाभावांत वाटणीचा वाद लागला होता, आणि ती होईपर्यंत दुकानाला अण्णांनी आपली कुलपं लावली होती. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. इकबाल "उद्या बघू" म्हणाला ते त्याचमुळं. माहीत नव्हतं ते एकट्या मला, सांगलीहून आलेल्या कारागिराला.

संध्याकाळी दत्तूअण्णा आमच्या घरी आले. मी मान खाली घालून उभा राहिलो, आता शिव्या पडणार म्हणून. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "कवा आलास रं? सांगलीला पाऊस हाय का?" मी हाय म्हणालो. मग ते इकबालकडं वळले आणि त्यांचा आवाज चढला. "इकबाल, तुझ्या घरातनं असं व्हावं? तुझ्या भरवशावर मी कुलूप लावून गेलो व्हतो!" इकबाल म्हणाला, "चुकलं अण्णा. सकाळी भांडी जाग्यावर आणतो." मी उघडलं असं तो बोललाच नाही. सांगायची गरजही नव्हती, सगळ्यांना माहीत होतं.

अण्णा गेल्यावर अब्बांनी इकबालला धरलं. "तू दुकान सोडून गेलासच कसा? लोकांनी आता कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" शेवटी मला राहवेना. म्हणालो, "अब्बा, कुलूप मी उघडलं. मला बोला की."

अब्बांनी चष्मा काढला, पुसला. "तू परवा जाणार. तुला बोलून काय करू? जेव जा."

अम्मीनं मला मटणातला चांगला तुकडा वाढला. इकबाल भिंतीला टेकून बोलणी खात होता आणि मी, देवाशपथ, त्या बोलण्यांवरसुद्धा जळत होतो. घर त्याचं, गिऱ्हाइकं त्याची, आणि माझ्या चुकीची बोलणीही त्याचीच. मला काय, तर पाऊस हाय का.

दुसऱ्या दिवशी इकबाल शिंप्याला आणि किराणावाल्याला घेऊन सुरेशकडं गेला. काय बोलणं झालं मला कळलं नाही, मला कुणी नेलं नाही. पण दहाच्या सुमाराला टेम्पो परत आला आणि भांडी उतरली. मग ठरलं की शटरच्या दोन बाजूंना दोन नवी कुलपं बसवायची, एकाची चावी अण्णांकडं, दुसऱ्याची सुरेशकडं. दोघं मिळून आले तरच दुकान उघडेल. इकबाल फुटपाथवर बसून कुलपं बसवायला लागला. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला सुरेश, मागं शिंपी आणि किराणावाला. मी जरा लांब उभा.

डावीकडचं कुलूप तो वाकडं बसवत होता. मला दिसत होतं. मी हात पाठीमागं बांधले, दुसरीकडं बघितलं, पण जमेना.

"इकबाल, भोक दोन सूत वर घे," मी म्हणालो. "दे हिकडं, मी करतो."

त्यानं हातातली कानस फुटपाथवर आपटली.

"शिकवू नगंस मला!" तो ओरडला. "काल लय हुशारी दावलीस न्हवं? लाज वाटती का तुला? ठावं असून हात लावलास! अब्बांनी पन्नास वरसं जपलं ते तू पाच मिंटात घालवाय निघालास, कशापायी, तर तुझा हात चांगला हाय म्हणून? आता गप तिथं हुबा ऱ्हा. मला वाकडं बशीवता येतं, पण शेजारी हुभं करून बशीवतो मी!"

माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान भाऊ मला भर बाजारात बोलत होता. शिंप्याला ते बघवेना. तो मध्ये पडला. "आरं जाऊंदे इकबाल. पाव्हणा हाय त्यो, आज-उद्या जाईल."

"पाव्हणा कसला?" इकबाल म्हणाला. "पाव्हणा असता तर च्या पाजून वाटंला लावला असता. भाऊ हाय माझा!"

माझे कान तापले होते. पोटातलं दुखणं काही लगेच गेलं नाही, आजही पूर्ण गेलेलं नाही. पण त्या घटकेला, चारचौघांत मान खाली घालून उभा असताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी वाईत आलोय.