बायला लागलं नाय ना?

गंगाराम मेस्त्री पहिल्यांदा आमच्याकडे आले ते कोणाशी अक्षर न बोलता सरळ मोटारीत चढले आणि तिच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. बोटाच्या पेराने टकटक करायचं, ऐकायचं, वीतभर सरकायचं, पुन्हा टकटक. मी चहाचा कप घेऊन दाराशी उभी. मनात म्हटलं, झालं! ह्यांनी कुठून तरी वेडा सुतार धरून आणला.

सन तीसच्या सुमाराची गोष्ट. माझे यजमान डॉक्टर. गावोगाव फिरून दवाखाना चालवायचं खूळ त्यांनी डोक्यात घेतलं आणि मुंबईहून एक लॉरी आणवली. तिच्यावर लाकडी खोली बांधलेली. बाहेरून पत्रा, आतून फळ्या, बाकी नुसता खोका. औषधांच्या फळ्या, कंदील, भांडी आणि आमच्या सहा महिन्यांच्या सुमीचा पाळणा, सगळं त्या भिंतींना बसवायचं होतं. घरं बांधणारे सुतार रत्नागिरीत पुष्कळ, पण चालत्या भिंतीला हात लावायला कोणी तयार होईना. बंदरावरच्या मिरकरवाड्याच्या मेस्त्रींनी मात्र जन्मभर गलबतांच्या आतली कामं केलेली. ते म्हणाले, "गलबत काय नि मोटार काय, दोनी हलतात."

"वैनी, भिंतीला आधी इचारायचं, मग भोक पाडायचं," असं मला बजावून ते कामाला लागले. पोकळ आवाज आला की मान हलवायचे. फळीमागची लाकडी फासळी हाताला लागली की "गावली!" म्हणून खडूने फुली मारायचे आणि गिरमिटाने तिथेच भोक पाडायचे. खिळ्याचं नाव काढलं तर चिडायचे. "खिळा झोपल्या घराला. जाग्या घराला इस्क्रू." पाळण्याच्या कड्या बसवल्यावर तर साठीचा हा माणूस दोन्ही कड्यांना लोंबकळला, पाय वर घेऊन! मी किंचाळले. ते हसत खाली उतरले. "माझा भार घेतला ना? मग बायचा घेणारच."

आठ दिवसांनी पहिली फेरी निघाली, हातखंब्यापर्यंत. पुढे दाऊदभाई गाडी चालवणार, शेजारी हे, मागच्या खोलीत मी, सुमी आणि मेस्त्री. मी सुमीला मांडीवर घेऊन बसले तर मेस्त्रींचा चेहरा पडला. "पाळण्यात घाला, वैनी. माझ्या हातचं काम हाय." त्यांचा मान राखायचा म्हणून मी तिला पाळण्यात ठेवलं. ती छान झोपली. मेस्त्री तिच्याकडे बघत मिशीतल्या मिशीत हसत होते.

उताराला ती भुकेने रडायला लागली. मी तिला उचलून पदराखाली घेतलं, आणि तेवढ्यात गाडीपुढे म्हैस आली. दाऊदभाईने करकचून ब्रेक लावला. मागच्या भिंतीवरच्या फळीवरून कार्बोलिक ॲसिडची मोठी बाटली सुटली ती थेट पाळण्यात. काठावर आपटून फुटली, आणि सुमीचं डोकं होतं त्या उशीवर सगळं सांडलं. त्या जळजळीत वासाने डोळे उघडेनात. देवा रे! पोरीला इतकं घट्ट धरलं की तीच ओरडायला लागली.

मेस्त्रींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पाळण्यात हात घातला आणि ती भिजलेली उशी, त्या काचा उघड्या हातांनी बाहेर फेकू लागले. हे पुढून उतरून ओरडत आले, "मेस्त्री, हात भाजतील!" त्यांना ऐकूच येत नव्हतं. उजव्या तळव्याची कातडी पांढरीफटक पडली होती. ह्यांनी हात धुऊन औषध लावलं तेव्हा ते एवढंच बोलले, "डाक्टर, दर्या माणसाला बाजूला हलवतो. रस्ता पुढं ढकलतो. मी दर्याच धरून बसलो." त्यांनी फळीच्या दोन्ही टोकांना उंच कठडे घातले होते आणि पुढे फक्त बोटभर पट्टी. गलबतात तेवढं पुरतं.

मी रागाने लाल झाले होते. ह्या माणसाला पुन्हा दारात उभं करायचं नाही, असं ह्यांना सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मेस्त्री मोटारीत, हाताला फडकं बांधलेलं, डाव्या हाताने आपलंच सगळं काम उखडतायत. चार दिवसांत सगळं नव्याने उभं राहिलं. प्रत्येक बाटलीला स्वतंत्र खाच, पुढे तिच्या छातीएवढी जाळी. मग फळ्यांवर पाण्याने भरलेल्या बाटल्या मांडल्या आणि पाळणा होता तिथे, बरोबर सुमीच्या डोक्याच्या जागी, मेस्त्री आपलं डोकं करून बसले. "दाऊदभाई, त्याच उतारावर चल. म्हैस आली असं समजून दाब." हे नको नको म्हणत होते. दहादा ब्रेक लागला. बाटली हलली नाही. मेस्त्री उठले तेव्हा घामाने भिजले होते आणि माझा राग कुठच्या कुठे गेला होता.

पुढे आठ वर्षं ती मोटार फिरली. गावात परतलो की मेस्त्री यायचे, सुमीचं कपाळ त्या डागाळलेल्या तळव्याने चाचपायचे आणि विचारायचे, "बायला लागलं नाय ना?" कधी लागलंच नव्हतं हो! मी किती वेळा सांगितलं. तरी दर वेळी तेच. सुमीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं; तिला तो खेळ वाटायचा.

मेस्त्री अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी सुमीला घेऊन गेले. त्यांची वाचा गेली होती. त्यांनी हात उचलला, पण तो कपाळापर्यंत पोचेना, म्हणून सुमीच वाकली. तळवा कपाळावर टेकला. ओठ हलले, शब्द आला नाही. सुमी आपणहून म्हणाली, "नाही आजोबा, मला लागलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला तिथे बसवेना. मी बाहेर येऊन रडले.